कुत पडलं ते घोड्याच्या मांसामुळे नाही

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्याबद्दल एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: तुर्कांनी तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला तेव्हा कुतमध्ये तीन हजार घोडी-खेचरं होती. गोऱ्या सैनिकांनी ती खाल्ली आणि ते तगले. हिंदी शिपायांनी धर्म बुडेल म्हणून मांस नाकारलं, ते उपासमारीने लढण्याजोगे राहिले नाहीत आणि त्यांच्या हट्टापायी जनरल टाउनशेंडला 29 एप्रिल 1916 रोजी 13,000 माणसांसह शरण जावं लागलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे बोचायला हवं. कुतमध्ये अडकलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' होती. 103 आणि 110 मराठा लाइट इन्फंट्री आणि 117 मराठा या तीन पलटणी तिच्यात होत्या. दोषारोप त्यांच्यावरही आहे, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

'हिंदी शिपायांनी मांस नाकारलं'

हे खरं आहे, पण अर्धवट. जानेवारीच्या अखेरीस जनावरं कापायला सुरुवात झाली तेव्हा गुरखे सोडले तर बहुतेक हिंदू, मुसलमान आणि शीख शिपायांनी ते मांस घेतलं नाही. यातले बरेच जण शाकाहारी नव्हते. मराठा शिपाई बोकडाचं मांस खात होता, पण घोडा खाणं वेगळं. भीती पोटाची नव्हती, गावाची होती: परत गेल्यावर वाळीत टाकतील, पोरांची लग्नं अडतील. टाउनशेंडने तारेने हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही. पण दूरच्या पंडिताचा निरोप म्हणजे गावच्या पंचांचा शब्द नव्हे, हे शिपाई ओळखून होता.

मजकुरात पुढचा भाग गाळलेला असतो. एप्रिलपर्यंत हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला होता. 10 एप्रिलला टाउनशेंडने पिठाचा शिधा सगळ्यांसाठी रोज पाच औंसांवर आणला, म्हणजे सुमारे 140 ग्रॅम. त्यात दोन-तीन भाकऱ्या होतील, दिवसभरासाठी. मांस न खाणाऱ्या नाईक-हवालदारांच्या जागी दुसरे नेमले जातील, असंही बजावलं गेलं. त्यानंतरच्या काही दिवसांत हजारो हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं. म्हणजे 'मेले पण खाल्लं नाही' हे चित्र चुकीचं आहे. फेब्रुवारीतच ठाम हुकूम निघाला असता तर शिपायांचे हाल नक्की कमी झाले असते, थोडं पीठही वाचलं असतं. पण त्याने कुत वाचलं असतं का, हा प्रश्न निराळा आहे.

'धान्य संपलं ते त्यांच्या हट्टामुळे'

तारखा पाहा. बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत निम्म्याहून जास्त पायदळ गमावून टाउनशेंड 3 डिसेंबर 1915 रोजी कुतला परतला, 7 डिसेंबरला वेढा आवळला गेला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत फौजेला पूर्ण शिधा मिळत होता. सहा आठवडे एक दाणाही कमी केला नाही! गावात सुमारे 6,000 अरब रहिवासी होते. त्यांना बाहेर काढलं तर बायकापोरं वाळवंटात मरतील म्हणून राहू दिलं. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण तोंडं वाढली ती वाढलीच. घराघरांत दडवलेल्या धान्याची कसून झडती मात्र जानेवारीत झाली.

आणि जनावरं? एका घोड्याला रोज चारेक किलो दाणा लागतो. निम्माच दिला असं धरलं तरी तीन हजार जनावरांना रोज सहा टन. पुढे विमानातून धान्य टाकायचं ठरलं तेव्हा अख्ख्या फौजेसाठी रोजचा हिशेब 5,000 पौंडांचा, म्हणजे सव्वादोन टनांचा होता. हा ढोबळ हिशेब आहे, पण शेवटी माणसांनी जे जवाचं पीठ खाल्लं तेच जव जनावरांचंही खाद्य होतं. डिसेंबरमध्येच जनावरं कमी केली असती तर फरक किती पडला असता ते यावरून दिसतं. तो निर्णय सेनापतीचा होता.

त्याहून महागात पडला टाउनशेंडचा निरोप. सुरुवातीला त्याने कळवलं की गोऱ्यांना एक महिना आणि हिंदींना दोन महिने पुरेल एवढाच शिधा आहे. त्यामुळे सुटकेच्या फौजेचा सेनापती आयल्मर अर्धवट तयारीने निघाला. 25 जानेवारीच्या सुमारास टाउनशेंडने नवा हिशेब दिला: अजून 84 दिवस तग धरता येईल. तोवर शेख साद, वादी आणि हन्ना या तीन लढायांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली होती.

'सुटका होणारच होती, शिपाई टिकले नाहीत'

ज्या फौजेने सुटका करायची होती तिच्यातही बहुसंख्य हिंदीच होते. फ्रान्समधून आणलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन त्यात होत्या. 13 जानेवारीला वादी इथे 9 भोपाळ इन्फंट्रीचे छत्ता सिंग आणि 21 जानेवारीला हन्ना इथे 41 डोग्राचे लाला यांनी जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारात सांभाळलं म्हणून त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही फौज का पोचली नाही, याचं उत्तर बसरा बंदरात आहे. तिथे मोठ्या जहाजांना लागायला धक्काच नव्हता. जहाजं नदीच्या मध्यात नांगरून राहायची, माल स्थानिक होड्यांत उतरवला जायचा आणि त्यात आठवडे जायचे. पुढे कुतकडे ना रस्ता, ना रेल्वे. सगळी भिस्त टायग्रिस नदीवर. ती उथळ, वळणावळणाची, खोल तळाच्या बोटी रुतणार. म्हणून उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी हव्या होत्या. मेसोपोटेमियातल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख जनरल निक्सन याने त्या 1915च्या उन्हाळ्यात मागितल्या, पण वेळेवर आल्या नाहीत. हे ठाऊक असूनही त्याच निक्सनने बगदादकडे कूच करवली. परिणाम असा की 1916च्या सुरुवातीला दहा-बारा हजार सैनिक बसऱ्यात उतरून बसले होते आणि त्यांना आघाडीवर न्यायला बोटी नव्हत्या. आयल्मरकडे पलटणी तुकड्या-तुकड्यांनी आल्या, काहींचा तोफखाना मागे राहिला, काहींचे डॉक्टर.

बोटींची हीच टंचाई जखमींच्या वाट्याला कशी आली ते एका बोटीवरून कळतं. टेसिफॉनचे सुमारे 600 जखमी घेऊन 'मेजिदिए' ही आगबोट बसऱ्याला आली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर आपल्या रुग्णालय-जहाजावरून पाहत होते. लांबून त्यांना वाटलं की बोटीच्या बाजूंना दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर दिसलं की ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीचे रुग्ण डेकवर इतके दाटीने टाकले होते की त्यांना हलता येत नव्हतं. अशा काही बोटींना पोचायला जवळजवळ दोन आठवडे लागले. कार्टर यांनी हे लिहून कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली.

8 मार्चला दुजैला इथे आयल्मरची फौज रात्रभर चालून पहाटे तुर्की मोर्चेबंदीसमोर पोचली. ती जवळजवळ रिकामी होती. पण ठरलेल्या योजनेप्रमाणे तोफखान्याची वाट पाहण्यात काही तास घालवले. तेवढ्यात तुर्क आले आणि साडेतीन हजारांची हानी झाली. एप्रिलमध्ये पूर आला, दलदलीमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून समोरासमोर हल्ले करावे लागले. शेवटचा हल्ला 22 एप्रिलला सन्नायत इथे फसला. 24 एप्रिलच्या रात्री 270 टन धान्य घेऊन निघालेली 'जुल्नार' ही आगबोट तुर्कांच्या हाती पडली. विमानांनी दोन आठवड्यांत टाकलेलं धान्य जेमतेम साडेसात टन भरलं, म्हणजे गरजेच्या पाव हिश्शाहून कमी. त्यातलं काही टायग्रिसमध्ये पडलं. जात्याचे दगडही विमानातून टाकावे लागले होते, यावरून आतली अवस्था कळते.

कुतमधल्या 13,000 जणांच्या सुटकेसाठी बाहेरच्या फौजेची सुमारे 23,000 माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिटिशांनी कुत परत घेतलं ते 24 फेब्रुवारी 1917ला. मध्ये बसऱ्यात धक्के बांधले, रेल्वे टाकली, बोटी आणल्या, तेव्हा कुठे जमलं. म्हणजे शरणागतीनंतर आणखी दहा महिने. तीन हजार जनावरांच्या मांसावर दहा महिने निघाले असते, असं कोणी सांगू शकेल का?

'गोऱ्यांनी खाल्लं आणि ते वाचले'

वेढ्यात दोन आजार ठळक होते. हिंदींना स्कर्व्ही झाला, कारण ताजी भाजी नव्हती आणि मांस ते घेत नव्हते. घोड्याच्या ताज्या मांसाने गोऱ्यांचा स्कर्व्हीपासून बचाव झाला, हे खरं. पण सुरुवातीला गोऱ्यांना बेरीबेरी झाला, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. कोंड्यासकट कणीक खाणाऱ्या हिंदींना तो झाला नाही. मैदा संपून गोऱ्यांनाही जवाचं भरडं पीठ मिळू लागल्यावर तो ओसरला. स्कर्व्हीचं मूळही कुतपुरतं नव्हतं. वेढ्याबाहेर शिधा मिळणाऱ्या हिंदी पलटणींतही मेसोपोटेमियाभर स्कर्व्हीचे हजारो रुग्ण निघाले. कणीक, डाळ, तूप, गूळ या सरकारी शिध्यात ताज्या भाजीची सोय नव्हती. तो शिधा शिपायाने ठरवलेला नव्हता.

'वाचले' हे तर साफ खोटं. शरण आलेल्या सुमारे 2,600 गोऱ्या सैनिकांपैकी 1,700हून जास्त कैदेत मेले. दहा हजारांवर हिंदी शिपाई आणि नोकर होते, त्यांतले सुमारे 3,000 मेले किंवा बेपत्ता झाले. या हिंदींत 3,200हून जास्त बिनलढाऊ माणसं होती: पखाली, डोलीवाले, स्वयंपाकी, खेचरवाले. शुमरानच्या छावणीत उपाशी पोटांना तुर्कांची दगडासारखी बिस्किटं मिळाली, ती खाऊन कित्येक तिथेच गेले. उरलेल्यांना अधिकाऱ्यांपासून तोडून समर्रा, तिकरित, मोसुल करत ऐन उन्हाळ्यात चालवलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन इथे रेल्वेच्या कामाला जुंपलं, गोऱ्यांना अमानूस डोंगरातल्या बोगद्यांवर. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि कैदेत असतानाच त्याला 'सर' हा किताब मिळाला.

'ते लढण्याजोगे राहिले नव्हते'

तुर्कांनी कुतवर मोठा हल्ला केला तो 24 डिसेंबरला, किल्ल्यावर. तटाला भगदाडं पडली, हातबॉम्बची लढाई झाली, पण किल्ला पडला नाही. बचाव करणाऱ्यांत ऑक्सफर्डशायरच्या पलटणीबरोबर 103 मराठा होती. त्यानंतर तुर्कांनी असा हल्ला पुन्हा केलाच नाही. त्यांनी उपाशी ठेवायचं ठरवलं. फितूर होऊन पळालेले काही शिपाई होते, ते लपवायचं कारण नाही. पण पाच महिन्यांत बेपत्ता म्हणून नोंदलेली माणसं सत्तरच्या आसपास होती. त्याच काळात सुमारे 1,000 लढाईत आणि 700हून जास्त आजाराने मेली.

घोड्याच्या मांसाची गोष्ट तरीही टिकली, कारण टाउनशेंडने 1920 साली आपली बाजू छापली. शिपायांची बाजू त्या काळी तशी छापली गेली नाही. चौकशी मात्र त्याआधीच झाली होती. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल 1917मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोष दिला गेला तो जनरल निक्सन, व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती ब्यूचम डफ आणि लंडनच्या इंडिया ऑफिसला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी त्यावरून राजीनामा दिला.