किता, कामी आणि आपण

मागच्या वर्षी मी जेमतेम ओळखीच्या एका बाईंना आमच्या घरच्या सहलीला चुकून बोलावलं.

त्या इंडोनेशियाच्या. ऑनलाइन भाषांच्या देवाणघेवाणीतून आमची गाठ पडलेली. मी त्यांचं इंग्रजी तपासून द्यायचं, त्यांनी माझं इंडोनेशियन, असा सौदा. मला लिहायचं होतं, 'पुढच्या आठवड्यात आम्ही समुद्रावर जाणार आहोत.' त्यातल्या 'आम्ही'साठी मी 'किता' असा शब्द ठोकून दिला. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'मीपण? थांबा, बॅग भरते!' आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

इंडोनेशियनमध्ये 'किता' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, आणि 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. व्याकरणाच्या पुस्तकात यावर एक अख्खी चौकट होती, ठळक अक्षरांत: समावेशक आणि असमावेशक प्रथमपुरुषी अनेकवचन. अवघड आहे, घाई करू नका, सराव करा वगैरे. मी ती चौकट इमानेइतबारे पाठ केली होती. चूक झाल्यावर ती पुन्हा उघडली आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हे तर 'आपण' आणि 'आम्ही'!

मराठीत तीन-चार वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही. 'आपण खेळू या' आणि 'आम्ही खेळतोय' यातला फरक ज्याला खेळात घेतलेलं नसतं त्याला तर बरोब्बर कळतो. मग मी का चुकले? कारण माझं पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, शब्दांची कार्डं इंग्रजीत. मनात मराठी वाक्य आलं, त्याचं आधी 'वुई' झालं, आणि 'वुई'च्या पोटात आपण आणि आम्ही दोघंही गुपचूप एकत्र बसलेले. पलीकडे निघताना जो हाताला लागला तो निघाला. जी गोष्ट मला जन्मापासून येत होती ती मी परकी समजून शिकले, आणि वर चुकले.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज एवढं लांबलचक लिहायला बसले आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी इथूनच खाली सरकावं, राग नाही.

आधी एक कबुली. मला एकही परकी भाषा धड येत नाही. 'किती भाषा येतात?' या प्रश्नाला मी आता 'दीड' असं उत्तर देते. माझा हा छंद म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून डोकावण्याचा प्रकार आहे. जपानीच्या खिडकीत सहा महिने, तुर्कीच्या खिडकीत एक हिवाळा, डॅनिशच्या खिडकीत तर फक्त आकडे बघून परत. मुलगा विचारतो, 'आई, याचा उपयोग काय?' उपयोग काही नाही रे, हौस आहे. (हा 'हौस' शब्दसुद्धा मूळचा अरबी-फारसी 'हवस'. हिंदीत त्याचं पार वाटोळं झालं, आपल्याकडे मात्र तो सोज्वळ राहिला. असे शब्दांचे प्रवास सापडले की माझी संध्याकाळ सत्कारणी लागते.)

पण 'किता'च्या फजितीनंतर मी जुन्या वह्या काढल्या आणि एक वेगळाच खेळ सुरू केला. जे जे इंग्रजी पुस्तकांनी 'अवघड' म्हणून सांगितलं होतं, त्यातलं मराठीत किती आयतं पडलंय ते बघायचं.

तुर्की घ्या. 'गेल्दी' म्हणजे आला. 'गेल्मिश' म्हणजेही आला, पण मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही, ऐकीव आहे किंवा मागाहून कळलं. माझ्या पुस्तकात यावर दोन पानं होती आणि त्यातही लेखक सारखा चाचपडत होता. मराठीत? 'आला.' 'आला म्हणे.' झालं. 'म्हणे' हा शब्द मी आयुष्यभर निव्वळ गॉसिपसाठी वापरत आले, तो इतका कामाचा माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

जपानी घ्या. 'योंदे मिरू' म्हणजे शब्दशः 'वाचून बघणे'. वाचायचा प्रयत्न करून पाहणे. इंग्रजीतून शिकणारे बिचारे 'बघणे' हे क्रियापद इथे आलंच कुठून म्हणून डोकं धरून बसतात. आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, करून बघ, विचारून बघ, लावून बघ. शिवाय क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, आणि वाक्य संपताना मान हलवून घ्यायला त्यांचा 'ने', आपला 'ना'. छान आहे ना? अगदी घरच्यासारखं.

स्पॅनिशचं 'मे गुस्ता' तर विचारूच नका. मला ते आवडतं. इथे आवडणारी वस्तू कर्ता आणि मी 'मला'. इंग्रजीवाल्यांना वाक्य उलटं करावं लागतं, आपलं ते आधीपासूनच तसं आहे.

आणि आता माझं सर्वांत लाडकं. जर्मनमध्ये 'हाल्ब द्राय' म्हणजे किती वाजले? 'द्राय' म्हणजे तीन, 'हाल्ब' म्हणजे अर्धा. इंग्रजी डोक्याने गेलात तर साडेतीन म्हणाल आणि गाडी चुकवाल, कारण ते आहेत अडीच. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला. विचित्र वाटतं? मग आपला 'अडीच' सोलून बघा. तो आलाय संस्कृत 'अर्धतृतीय'मधून. तिसरा अर्धा! तोच हिशेब, फक्त आपण तो विसरून गेलोय. डॅनिश लोक तर त्याच्याही पुढे गेले. त्यांचा पन्नास म्हणजे 'हाल्ट्रेस', मुळात 'तिसरा अर्धा गुणिले वीस', म्हणजे अडीच विशी. जगभर डॅनिश आकड्यांची टिंगल चालते, मी मात्र आता त्यांच्या बाजूने आहे. आणि लॅटिन एकोणीस, 'उन्देविगिन्ती', म्हणजे विसाला एक कमी. एक-ऊन-वीस. लहानपणी पाढे म्हणताना ज्या एकोणतीस-एकोणचाळीसने रडवलं, त्यांची चुलत भावंडं रोमन लोकांकडेही होती हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मराठी जाणणाऱ्याला सगळ्या भाषा सोप्या, असा दावा मी करत नाहीये. मराठीही खड्ड्यात घालते. इंडोनेशियनमध्ये 'इस्त्री' म्हणजे बायको. शब्द आपल्याच 'स्त्री'चा, पण पहिल्यांदा 'माझी इस्त्री घरी आहे' असं वाचलं तेव्हा मी कपड्यांच्याच विचारात होते. (कपड्यांची इस्त्री पोर्तुगीजांची देणगी, तिचा या बाईंशी काही संबंध नाही.) आणि इंग्रजीला शिव्या घालायलाही ही पोस्ट नाही. इंग्रजीचा पूल नसता तर त्या बाई मला भेटल्याच नसत्या. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक वेळी पुलावरूनच जायला हवं असं नाही. काही ठिकाणी आपल्या दोघांच्या परसांना सामाईक कुंपण आहे आणि तिथे आधीपासून एक फट आहे.

ही फट मोठी करायची कुणी? हौशी लोकांनीच. यात मला शंका नाही. भाषांच्या जगात हौशी माणसांनी केलेली कामं बघितली तर अभ्यासकांनीही टोपी काढावी. लिनिअर बी ही ग्रीसमधली प्राचीन लिपी १९५२ साली उलगडली ती मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने. पोटापाण्याचा धंदा इमारतींचा, वेड मात्र शाळकरी वयापासून या लिपीचं. तो काही एकटा कोंडून घेऊन बसला नव्हता. आपली टिपणं टंकून, त्यांच्या प्रती काढून तो निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांना टपालाने पाठवायचा, चुका असतील तर सांगा म्हणून. अशी वीस टिपणं त्याने पाठवली. आजच्या भाषेत ग्रुपच की तो, फक्त उत्तर यायला आठवडे लागायचे.

आता आमच्यासारख्यांसाठी तातोएबा आहे. ट्रांग हो या तरुणीने २००६ मध्ये सुरू केलेला हा इंटरनेटवरचा वाक्यांचा साठा. 'तातोएबा' म्हणजे जपानीत 'उदाहरणार्थ'. लोकांनी आपापल्या भाषेत साधी वाक्यं लिहायची, दुसऱ्यांनी आपापल्या भाषेत त्यांचे अनुवाद जोडायचे. मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे थेट अनुवाद वेगळे दिसतात आणि अनुवादाचे अनुवाद वेगळे. तिथे एकदा मला माझीच चूक भेटली. एक इंडोनेशियन वाक्य, 'कामी'वालं. त्याला जोडलेलं इंग्रजी, 'वुई'वालं. आणि त्या इंग्रजीला कुणीतरी जोडलेलं मराठी, 'आपण'वालं. इंग्रजी-मराठी जोडी बरोबर, इंग्रजी-इंडोनेशियन जोडी बरोबर, पण दोन टोकं एकमेकांशी जोडली की मी पुन्हा अनोळखी बाईंना सहलीला नेतेय. अशा वाक्यांवर उद्या एखादं यंत्र भाषांतर शिकलं तर तेही सगळ्यांना आपल्या घरच्या सहलीला बोलावणार.

मग मी ठरवलं, रोज दोन वाक्यं. इंडोनेशियनवरून थेट मराठी, मधे कुणी नाही. शब्दांची कार्डंही मराठीतून नव्याने केली. 'पलान-पलान' या शब्दाच्या मागे पूर्वी इंग्रजीत 'स्लोली' लिहिलेलं होतं, ते खोडून 'हळूहळू' लिहिलं. मूळ शब्दाची दुहेरी चाल अशी आपोआप लक्षात राहिली, वेगळी घोकावी लागली नाही.

आता जरा कडू. मराठी शिकणारे परभाषक ऑनलाइन भेटतात, आपल्याला वाटतं त्याहून बरेच. लग्नामुळे, आजी-आजोबांमुळे, किंवा माझ्यासारखीच निव्वळ हौस म्हणून. एका ग्रुपवर अशाच एकाने विचारलं, 'त्याने केलं' म्हणतात, 'तिने केलं' म्हणतात, मग 'मी केलं' का? 'मीने' का नाही? मी खुर्चीत सरळ बसले. इतकी वर्षं ही भाषा बोलतेय, मी आणि तू हे दोघे 'ने' न लावता मिरवतात हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या एकीने विचारलं, 'आपण कोण?' या वाक्याचा अर्थ काय, समोरच्याची आदराने चौकशी की स्वतःच्या अस्तित्वाविषयी चिंतन? दोन्ही, बाई. तिसऱ्याला 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी वेगळा ऐकू येतो आणि 'जगणे'मधला वेगळा, मग लिहिताना एकच का? काय सुंदर प्रश्न आहेत हे!

आणि आपली उत्तरं? परक्याने दोन शब्द मराठी लिहिलं की टाळ्यांचा कडकडाट, 'ग्रेट', 'प्राउड ऑफ यू', आणि पुढचं सगळं संभाषण इंग्रजीत. चुका तशाच. उलट आपल्यातल्याच कुणी 'न' च्या जागी 'ण' लिहिला की त्याची जात, गाव, शाळा सगळं काढायचं. एकाला नुसत्या टाळ्या, दुसऱ्याला नुसत्या टपल्या, आणि दुरुस्ती दोघांनाही नाही. जिथे 'आपण' म्हणायला हवं तिथे आपलं 'आम्ही' चालू.

मी जिथे इंडोनेशियन शिकते त्या ऑनलाइन ग्रुपवर एक न लिहिलेली रीत आहे. कुणी चुकलं की पहिल्यांदा त्याचं पूर्ण वाक्य नीट लिहून द्यायचं. कारण माहीत असेल तर खाली एका ओळीत. बस्स. शेरे नाहीत, उपदेश नाही. ज्याला कारण विचारायचं तो विचारतो. मी तिथे आजवर किती चुका केल्या त्याची मोजदाद नाही, पण अपमान झाल्याचं एकदाही आठवत नाही. मी हीच पद्धत मराठी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर सुरू केली तेव्हा एका गृहस्थांनी मला सुनावलं, 'तुम्ही मराठीच्या प्राध्यापक आहात का?' नाही हो, मी हिशेब तपासते. पण 'मी बाजारात गेली' असं लिहिणाऱ्या पुरुषाला 'गेलो' एवढं सांगायला पदवी लागत नाही.

असो. परवा मी तातोएबावर वाक्य टाकलं, 'पुढच्या आठवड्यात आम्ही समुद्रावर जाणार आहोत.' आणि बाईंना कळवलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला 'कामी'वालं वाक्य जोडलं होतं. थेट, मधे इंग्रजी नाही. खाली त्यांची टिप्पणी होती, 'म्हणजे या वेळी बॅग भरायची नाही ना?'