चौक बावीसच, पण मी पर्यटक नाही

निनावी वाचक,

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "हे पर्यटकाचं लिखाण आहे. ओकची झाडं दिसली, गुलामगिरी एका वाक्यात उरकली. चौक 24 नाहीत, 22 आहेत. आणि तिथल्या उकाड्याबद्दल अवाक्षर नाही."

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. शहराचा संस्थापक ओगलथॉर्प याने 1733 मध्ये घालून दिलेल्या आराखड्यावर चौक वाढत वाढत 24 झाले. त्यातले लिबर्टी आणि एल्बर्ट पुढे रस्त्यापायी गेले. आज 22 उरलेत. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे.

पण 'पर्यटक'? हा शब्द लिहिण्याआधी मी इथे किती वर्षं राहते एवढं तरी विचारायचंत. उचलली जीभ लावली टाळ्याला!

तेरा वर्षं झाली मला या शहरात. पहिली दोन वर्षं आमच्याकडे गाडी नव्हती. लेकीला बाबागाडीत घालून हे सगळे चौक मी पायी पालथे घातले. ओकच्या मुळांनी विटांचा पदपथ कुठे उचललाय, चाक कुठे अडतं, ते आजही डोळे मिटून सांगेन. एलिस चौकातला जुना बाजार 1954 मध्ये पाडून तिथे गाड्यांसाठी बहुमजली तळ बांधला होता. त्या बाजारात लहानपणी आईचं बोट धरून जाणाऱ्या आजी माझ्या शेजारी राहायच्या, आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजूनही चढायचा. 2010 मध्ये ती जागा पुन्हा चौक म्हणून खुली झाली. तिथल्या कारंज्यांत माझी लेक भिजत वाढली. 2016 मध्ये मॅथ्यू वादळाआधी शहर सोडायचा हुकूम आला, तेव्हा खिडक्यांना फळ्या ठोकून, त्याच आजींना बरोबर घेऊन आम्ही बाहेर पडलो. पर्यटक असं करतात?

आणि मला फक्त झाडं दिसतात म्हणता! राइट चौकात टोमोचीची यांना 1739 मध्ये पुरलं. हे इथल्या मूळ रहिवासी यामाक्रॉ लोकांचे प्रमुख, त्यांनी होकार दिला म्हणून इंग्रजांना इथे पाय रोवता आले. पुढे त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं स्मारक चढवलं. टोमोचीचींच्या नावाचा ग्रॅनाइटचा धोंडा तिथेच कोपऱ्यात आहे. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी बाकावर कितीतरी वेळ नुसती बसून होते. 1859 च्या मार्चमध्ये शहराबाहेरच्या टेन ब्रोक शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसं विकली गेली. तिथल्या फलकापाशी मी बसने, एकटी गेले होते. तुम्ही गेला आहात का?

माझ्या लेखात गुलामगिरीवर एकच वाक्य आहे, कारण लेख चौकांवर होता. एका लेखात सगळं मावत नाही, हे तुम्हालाही कळत असेल.

उकाड्याचं म्हणाल, तर मी चंद्रपूरची आहे. तो मला कुणी शिकवू नये.

मतभेद जरूर कळवा, पण नाव घालून. आणि तो 'पर्यटक' शब्द तेवढा मागे घ्या.