अन्वस्ताचे समीकरण आणि तीन बिंदू: आपल्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली आणि तिच्यातली आकडेमोड कागदावर पुन्हा करून पाहिली. मूळ लेखात मी (१, २), (२, ३) आणि (४, ११) या तीन बिंदूंमधून जाणाऱ्या अन्वस्ताचे, म्हणजेच पॅराबोलाचे, समीकरण य = अ·क्ष² + ब·क्ष + क असे गृहीत धरून आणि तीन एकसामयिक समीकरणे सोडवून काढले होते; उत्तर आले होते य = क्ष² − २क्ष + ३. त्यावर आपण लिहिले आहे की ही रीत विनाकारण लांबण लावते. (१, २) हा शिरोबिंदू, म्हणजे अन्वस्त जिथे वळते तो टोकाचा बिंदू, आहे, तेव्हा य = अ(क्ष − १)² + २ असे लिहून त्यात (२, ३) हा बिंदू ठेवला की अ = १ एका ओळीत मिळते आणि तिसऱ्या बिंदूची गरजच उरत नाही. शिवाय ‘तीन बिंदूंमधून एकच अन्वस्त जाते’ हे माझे विधान चुकीचे आहे, आणि नाभी हा ठरावीक बिंदू व डायरेक्ट्रिक्स ही ठरावीक रेषा यांच्यापासून सारख्याच अंतरावर असलेल्या बिंदूंचा वक्र म्हणजे अन्वस्त, ही खरी व्याख्या मी टाळली आहे, असेही आपले म्हणणे आहे.

पहिल्या आक्षेपाबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण वर्गात आणि वर्गाबाहेरही हीच गफलत वारंवार होताना मी पाहतो. आपले उत्तर बरोबर आले यात वाद नाही. पण (१, २) हा शिरोबिंदू आहे हे आपल्याला कुठून कळले? उदाहरणात तसे कुठेही दिलेले नव्हते. आपण ते माझ्या आलेखावरून घेतले असावे, आणि तो आलेख समीकरण मिळाल्यानंतर काढलेला होता. फक्त (१, २) आणि (२, ३) हे दोन बिंदू हाताशी असतील, तर त्यांतून जाणाऱ्या वक्रांचे समीकरण य = क्ष + १ + अ(क्ष − १)(क्ष − २) असे लिहिता येते, कारण क्ष = १ किंवा क्ष = २ ठेवल्यावर शेवटचे पद शून्य होते आणि अ काहीही असला तरी दोन्ही बिंदू वक्रावरच राहतात. अ = २ घेतल्यास य = २क्ष² − ५क्ष + ५ मिळते, अ = −१ घेतल्यास खाली तोंड असलेले य = −क्ष² + ४क्ष − १ मिळते, आणि दोन्ही अन्वस्ते त्या दोन बिंदूंमधून बिनचूक जातात. त्यांतले आपले अन्वस्त कोणते हे सांगण्याचे काम (४, ११) करतो.

मग शिरोबिंदू दिलेला असताना दोनच बिंदू कसे पुरतात? याचे कारण असे की शिरोबिंदू सांगणे म्हणजे एकाच वेळी दोन अटी सांगणे: वक्र त्या बिंदूतून जातो, आणि तिथे त्याच्या स्पर्शिकेचा चढ शून्य असतो. अ, ब, क असे तीन अज्ञात सहगुणक असल्यामुळे तीन स्वतंत्र अटी लागतात, आणि शिरोबिंदूने त्यांतल्या दोन आधीच भरून दिलेल्या असतात. शिरोबिंदू (३, −२) आणि आणखी एक बिंदू (५, ६) दिला असेल, तर आपलीच रीत उत्तम आहे; ६ = ४अ − २ यावरून अ = २, आणि य = २(क्ष − ३)² − २. पण इथेही तिसरा बिंदू लपलेला आहेच. सममिती अक्ष क्ष = ३ ही रेषा असल्यामुळे (५, ६) चे प्रतिबिंब (१, ६) हेही वक्रावर असलेच पाहिजे, आणि ते २(१ − ३)² − २ = ६ असे ताडून पाहता येते. क्ष-अक्षावरचे दोन छेदबिंदू दिलेले असले की य = अ(क्ष − प)(क्ष − फ) हे रूप सोयीचे पडते, पण तिथेही अ काढण्यासाठी आणखी एक अट लागतेच. समीकरणाचे कोणते रूप घ्यायचे हे दिलेल्या माहितीने ठरते, आणि ती माहिती किती अटींची आहे हे मोजून मगच पेन उचलावे असे मला मनापासून वाटते.

तीन समीकरणांची रीत रटाळ आहे, असे आपण म्हणता. ती तशी वाटते ती नुसती यंत्रवत केल्यामुळे. तीन बिंदू ठेवल्यावर अ + ब + क = २, ४अ + २ब + क = ३ आणि १६अ + ४ब + क = ११ ही समीकरणे मिळतात. पहिले दुसऱ्यातून वजा केले की ३अ + ब = १; दुसरे तिसऱ्यातून वजा करून २ ने भागले की ६अ + ब = ४. आता उजवीकडचे १ आणि ४ हे अंक पाहावेत: पहिल्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ १ आहे आणि पुढच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ ४ आहे. त्यांची वजाबाकी ३अ = ३, म्हणून अ = १, आणि मागोमाग ब = −२, क = ३. म्हणजे अ हा सहगुणक चढ किती बदलला याचेच माप आहे. तिसरा बिंदू (४, ११) ऐवजी (४, ५) असता, तर दोन्ही चढ १ आले असते, अ शून्य झाला असता, आणि बिंदू एकरेषीय असल्यामुळे अन्वस्ताऐवजी य = क्ष + १ ही सरळ रेषा हाती आली असती. हे सगळे एका वजाबाकीत दिसते, म्हणून ही रीत मला प्रिय आहे.

एक गोष्ट मात्र आपल्यामुळे लक्षात आली. मी निवडलेल्या तीन बिंदूंपैकी एक नेमका शिरोबिंदूच निघाला, आणि त्यामुळे वाचकाची दिशाभूल होऊ शकते. उदाहरण निवडताना ही काळजी मी घ्यायला हवी होती.

दुसरा आक्षेप मी बिनशर्त मान्य करतो. सममिती अक्ष य-अक्षाला समांतर असावा ही अट मी मनात धरली होती, लिहिली नव्हती. ती काढून टाकली तर याच तीन बिंदूंमधून क्ष = (−य² + १७य − १८) ÷ १२ हे आडवे अन्वस्तही जाते: य = २ ठेवल्यास क्ष = १, य = ३ ठेवल्यास क्ष = २, आणि य = ११ ठेवल्यास क्ष = ४. अक्ष तिरपा चालत असेल, तर अशा अन्वस्तांना अंतच नाही. एकरेषीय नसलेल्या तीन बिंदूंच्या त्रिकोणाच्या कोणत्याही बाजूला समांतर नसलेली प्रत्येक दिशा घेतली, तर त्या दिशेचा अक्ष असलेले एक आणि एकच अन्वस्त मिळते. बाजूला समांतर दिशा का चालत नाही, हेही यातच आहे: अक्षाला समांतर असलेली रेषा अन्वस्ताला एकाच बिंदूत छेदते, मग तिच्यावर वक्राचे दोन बिंदू कसे असणार? दोन बिंदूंचे क्ष-निर्देशक समान असतील तर आपली नेहमीची रीत अडते, त्याचे कारणही हेच. मूळ लेखातले वाक्य मी ‘ज्यांचे क्ष-निर्देशक भिन्न आहेत अशा, एकरेषीय नसलेल्या तीन बिंदूंमधून, उभा अक्ष असलेले एकच अन्वस्त जाते’ असे बदलत आहे.

नाभीबद्दल थोडेच लिहितो. ती व्याख्या सुंदर आहे, पण तीच एकमेव ‘खरी’ व्याख्या आहे असे मी म्हणणार नाही. ग्रीक गणितींनी अन्वस्ताचा अभ्यास सुरू केला तो शंकूच्या छेदापासून, आणि या वक्राला आजचे नाव देणाऱ्या अपोलोनियसच्या उपलब्ध ग्रंथात अन्वस्ताच्या नाभीची चर्चा आढळत नाही. शिवाय तीन बिंदू दिलेले असताना नाभी शोधत बसणे हा आडवळणाचा रस्ता आहे. समीकरण आधी मिळाले की नाभी आपोआप सापडते: य = (क्ष − १)² + २ या रूपावरून नाभी (१, ९/४) आणि डायरेक्ट्रिक्स य = ७/४ ही रेषा. आता (४, ११) पासूनची अंतरे काढा. डायरेक्ट्रिक्सपर्यंतचे अंतर ११ − ७/४ = ३७/४. नाभीपर्यंतच्या अंतराचा वर्ग ३² + (३५/४)² = १३६९/१६, आणि १३६९ हा ३७ चा वर्ग असल्यामुळे हे अंतरही ३७/४ च येते. हा ताळा मूळ लेखात असायला हवा होता. वरील दुरुस्तीसोबत तो मी जोडत आहे, आणि त्या जागी आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेखही करत आहे.