‘थोडी बाकी ठेवा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरू नका, थोडी बाकी ठेवा, क्रेडिट स्कोअर (कर्ज देताना बँका बघतात तो परतफेडीचा गुणांक) वाढतो, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं! बाकी ठेवून वाढतं ते फक्त व्याज.

मग दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याचा स्कोअर कधी कधी का पडतो? कारण बँका क्रेडिट ब्युरोला (कर्जांची नोंद ठेवून स्कोअर काढणारी कंपनी) ठरावीक दिवशीची बाकी कळवतात, आणि ती अनेकदा बिल भरण्याआधीची असते. लिमिटपैकी जितका भाग बाकी दिसतो तो तुमचा ‘वापर’; तो जास्त दिसला की स्कोअर पडतो. समजा लिमिट १ लाख, स्टेटमेंट ५ तारखेला, ड्यू डेट २५ ला. ८० हजार खर्च झाले आणि २४ ला सगळे भरलेत. व्याज शून्य, लेट फी शून्य, पण मधल्या काळात बँकेने आकडा कळवला असेल तर ब्युरोकडे वापर गेला ८० टक्के. त्यातलेच ७० हजार २ तारखेला भरले असते तर दिसला असता १० टक्के. (५ च्या आदल्या रात्री भरू नका, पैसे जमा व्हायला एखाद-दुसरा दिवस जातो.)

ही कसरत लवकरच कर्ज काढायचं असेल तरच करा. वापर खाली आला की स्कोअर बहुधा महिन्या-दोन महिन्यांत सावरतो. चुकलेल्या हप्त्याचा डाग मात्र सगळं फेडल्यावरही वर्षानुवर्षं राहतो.

खरी फसगत होते ती फेडल्यानंतर. जुनी बाकी पुढे ढकलत आला असाल तर व्याज रोज चढत असतं. स्टेटमेंटवरची रक्कम पै न पै भरलीत, तरी स्टेटमेंटपासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. माणूस निवांत, कार्ड कपाटात, ऑटोपे (खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय) बंद. मग त्या किरकोळ रकमेवर लेट फीही लागू शकते, आणि तसंच पडून राहिलं तर क्रेडिट रिपोर्टवर थकबाकी. लागोपाठ दोन स्टेटमेंटं शून्याची येईपर्यंत ऑटोपे काढू नका.

फेडलेलं कार्ड रागाने बंद करणं हाही आवडता उद्योग. १-१ लाखाची दोन कार्डं, एकावर ४० हजार बाकी, दुसरं रिकामं: वापर २० टक्के. रिकामं बंद केलंत की ४०. वार्षिक फी नसेल तर राहू द्या, एखादं छोटं बिल त्यावर लावा. फी असेल तर बंद करण्याआधी बिनफीच्या कार्डात बदलून मिळतं का ते विचारा.

अनेक कार्डांवर बाकी असेल तर जास्त व्याजाचं आधी फेडा. कर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर लिमिटला टेकलेलं आधी, कारण प्रत्येक कार्डाचा वापर वेगळाही बघितला जातो.

आणि बँक कमी पैशांत मिटवायला तयार झाली म्हणून लगेच खूश होऊ नका. रिपोर्टवर त्याचा शेरा ‘सेटल्ड’ पडतो, आणि पुढची बँक तो ‘पूर्ण फेडलं’ असा वाचत नाही.