पांढऱ्या मांजराच्या कानाला बिब्बा लावू नका

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर "मांजर पाळणाऱ्यांनो सावधान" असा मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: मांजराच्या कानावरची न भरणारी जखम म्हणजे कॅन्सर. तो रेबीजच्या लसीने होतो. घरच्या माणसांना लागतो. बिब्ब्याचं तेल लावलं, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली की झडून जातो. शहापूरच्या आमच्या आत्याने वाण्याकडून बिब्बे आणलेसुद्धा, म्हणून लिहायला बसलोय.

बिब्बा उतला की माणसाच्या कातडीचं काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मांजर तर पंजा चाटतं, त्याने कान पुसतं, परत पंजा चाटतं. कानाचं तेल थेट जिभेवर! तोंड पोळलेलं मांजर खाणंच सोडतं. कानावर खपली धरते, घरचे खूश होतात, आणि खाली गाठ आत शिरत राहते. पॅरासिटामॉल तर विषच. मांजराच्या यकृताला ते पचत नाही, रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

कानाच्या शेंड्याचा कॅन्सर बहुतेक उन्हाने होतो, तोही पांढऱ्या मांजरांना. आधी लाली, मग खपली, मग रक्त. लवकर नेलं तर डॉक्टर कानाचा तेवढा भाग कापतात आणि मांजर पुढे कित्येक वर्षं छान जगू शकतं.

लसीचं म्हणाल तर एक गोष्ट कबूल करावी लागते. १९९१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी लस टोचलेल्या जागी होणाऱ्या कॅन्सरकडे लक्ष वेधलं. पण ती गाठ टोचल्या जागी, कातडीखाली येते, कानाच्या शेंड्यावर नाही. आणि प्रमाण साधारण १०,००० मांजरांत एखादं. गाठ आलीच तर काढणं सोपं जावं म्हणून लस मांजराच्या पायाला खाली टोचून घ्या. टोचल्या जागची गाठ तीन महिने राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत असली, तर तुकडा काढून तपासायला सांगा. लस मात्र चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर मांजरही वाचत नाही, माणूसही जवळजवळ कधीच नाही.

आणि मांजराचा कॅन्सर माणसाला लागत नाही. गजकर्ण लागतं, तेही कधी अशाच खपलीसारखं दिसतं. दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. दुपारच्या उन्हात पांढऱ्या मांजराला पत्र्यावर झोपू देऊ नका.