खुलासा: ४५ अंशांच्या रेषेबद्दल
रत्नागिरीतल्या आपल्या ग्रुपांवर फिरतंय: 'गॅनची ४५ अंशांची रेष तुटली की शेअर पडतोच.' (रेष तुटली म्हणजे भाव तिच्याखाली गेला.) गेल्या आठवड्यात मीही ते पुढे पाठवलं, चूक माझीच. शेअर बाजाराचे अमेरिकी अभ्यासक डब्ल्यू. डी. गॅन (१८७८–१९५५) यांची ही '१ बाय १' रेष भावाच्या आलेखावर काढतात. ती म्हणजे ठरलेल्या काळाला भावात ठरलेली वाढ, समजा दिवसाला १ रुपया. दोन्ही अक्षांचं माप जुळवलं तरच ती ४५ अंशांत दिसते. काल मांडवी जेट्टीवर बसून आलेख उघडला आणि मोबाइल आडवा केला. तीच रेष, तेच भाव, पण चढण एकदम बसकी! कोनमापक लावायचा कुठे? रेषा काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण 'पडतोच'ला आधार नाही. तो मेसेज कृपया थांबवा. पाठवला असलात तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.