‘पार्कच्या दिवशी इन्सुलिन देऊ नका’ हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

काल रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन. तिच्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे हे कळून जेमतेम चार महिने झालेत, शनिवारी सगळे थीम पार्कला चाललेत, आणि सासूबाईंनी तिला एक मेसेज पाठवलाय, ‘डायबेटिसवाल्या मुलाला पार्कला नेताय? हे पाच नियम पाळा’. म्हणाली, ताई, सकाळचं इन्सुलिन खरंच नको का देऊ? पोटात गोळाच आला माझ्या. माझी मुलगी सहा वर्षं इन्सुलिनवर आहे, म्हणून लिहितेय आणि चिडूनच लिहितेय.

तर पहिला नियम हाच. ‘रांगेत तासन्तास उभं राहावं लागतं, शुगर पडू नये म्हणून त्या दिवशी इन्सुलिन देऊच नका.’ अहो, टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही! मूल काही खावो न खावो, लिव्हर रक्तात साखर सोडतच असतं, त्यासाठी बेसल इन्सुलिन, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं पायाचं इन्सुलिन, चोवीस तास लागतं. ते बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, मग उलट्या, पोटदुखी, धाप, आणि तिथून थेट आयसीयू. त्यात उन्हात रांगेत उभं असलेलं मूल ओकलं की सगळे म्हणणार ऊन लागलं, सरबत पाजा, आणि नेमका हातचा वेळ तिथेच जाणार. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. आणि तुम्ही सहलीसाठी ते बंद करायला सांगताय?

यात अर्धं खरं एवढंच की दिवसभर चालणं होतं तेव्हा डोस थोडा कमी करावा लागू शकतो. पण कुठला आणि किती हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून, फॉरवर्ड वाचून नाही.

शुगर पडण्याची खरी भीती कुठे असते माहितीये? जेवणाच्या रांगेत. आता पाच मिनिटांत नंबर लागेल म्हणून आपण जेवणाचं इन्सुलिन टोचून मोकळे होतो, ते दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं आणि जेवण हातात येतं चाळीस मिनिटांनी. म्हणून अशा ठिकाणी ताट समोर आल्याशिवाय डोस नाही, जेवणानंतर शुगर थोडी चढली तर चढू दे.

दुसरा, ‘शुगर पडली तर चॉकलेट द्या’. चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि तेव्हा तर मिनिटं मोजायची असतात. मुलांच्या डायबेटिसवर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इस्पाड, त्यांची गाइडलाइन सरळ आहे: शुगर ७० च्या खाली गेली की वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत चेक. म्हणजे २० किलोच्या मुलाला साधारण ६ ग्रॅम. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा ज्यूस, आणि तेही मोठ्या माणसाच्या चेन असलेल्या खिशात, कारण राइडच्या दाराशी बॅग लॉकरमध्ये ठेवायला लावतात. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं औषध) द्यायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची.

तिसरा, ‘सेन्सर लावलाय ना, मग ग्लुकोमीटर घरी ठेवा’. सेन्सर म्हणजे अंगाला चिकटवलेलं, सतत शुगर दाखवणारं यंत्र; ग्लुकोमीटर म्हणजे बोट टोचून रक्तातली शुगर मोजणारं. मागच्या वर्षी वळणावळणाच्या रांगेत आम्ही उभे होतो, सतत बडबडणारी माझी पोरगी एकदम गप्प झाली, रेलिंगवर कपाळ टेकलं, वरच्या ओठावर घाम. सेन्सर ९२ दाखवत होता, बाण खाली, म्हणजे शुगर उतरतेय. बोट टोचलं तर ६१. सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्याने उतरत असेल तर तो काही मिनिटं मागेच असतो. रांगेतून बाहेर काढलं, गोळ्या दिल्या, पाऊण तासाची रांग गेली तर गेली. मीटर घरी असता तर मी ९२ वर विश्वास ठेवून उभी राहिले असते.

चौथा, ‘सर्टिफिकेट दाखवा, रांग लागतच नाही’. सगळीकडे नाही हो. अमेरिकेतल्या डिस्ने पार्क्सनी २०२४ मध्ये ही सवलत मुख्यतः ऑटिझमसारखा विकासाशी संबंधित त्रास असलेल्यांपुरती ठेवली. तुम्ही जाताय त्या पार्कला आधी विचारा, आणि शुगर पडली तर मुलाला बाहेर काढून परत त्याच जागी येता येईल का तेही विचारा, सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

पाचवा, ‘इन्सुलिन बर्फात ठेवा’. उन्हापासून जपायचं हे बरोबर, पण गोठलं की ते वाया गेलं, नंतर वितळलं तरी. कूलिंग पाउच चालतो, बर्फाला चिकटवून नाही.

आणि मेसेजमध्ये रात्रीचा उल्लेखच नाही. दिवसभर चाललेल्या मुलाची शुगर झोपेत पडू शकते. बहिणीला सांगितलंय, झोपताना चेक कर आणि रात्री २ चा अलार्म लाव. शनिवारी मीही लावणार आहे, आकडा मला पाठव म्हटलंय.